कपाटातले बंद बॉक्स आणि मुलाच्या कॉलेजची फी

पत्र (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत):

न्यू जर्सीतले हे वाचक आयटीत आहेत, वय त्रेचाळीस. 2020 मध्ये सगळे घरात अडकले असताना सहा वर्षांच्या मुलाबरोबर त्यांनी बेसबॉल कार्डांची (खेळाडूंचे फोटो असलेल्या, जमवायच्या कार्डांची) पाकिटं फोडायला सुरुवात केली. मुलाला बेसबॉलचं वेड लागलं, वडिलांना कार्डांचं. पाच वर्षांत सुमारे अठरा हजार डॉलर गेले. आज कपाटात चौदा सीलबंद ‘हॉबी बॉक्स’, म्हणजे पाकिटांचे खोके, आहेत, चाळीसेक ग्रेड केलेली (कंपनीकडून तपासून, दहापैकी गुण घेऊन डबीत बंद झालेली) कार्डं आहेत आणि होतकरू खेळाडूंच्या सह्यांची बरीच कार्डं आहेत, त्यांत न्यूयॉर्क यँकीज संघाच्या जॅसन डोमिंग्वेझची सहा. बॉक्स फोडायचे नाहीत असा घरात नियम आहे, कारण ‘पंधरा वर्षांनी त्यांचं सोनं होईल’. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या 529 खात्यात, म्हणजे कॉलेजसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, दरमहा जाणारे तीनशे डॉलरही त्यांनी कार्डांकडे वळवले. बायकोला हे नुकतंच कळलं. ती म्हणते, ही रद्दी आहे. ते म्हणतात, 1952 च्या मिकी मँटलच्या कार्डाला 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलर आले, तेही एकेकाळी रद्दीच होतं. त्यांचे प्रश्न दोन: कुठली कार्डं धरून ठेवावीत, आणि बायकोला कसं पटवावं? जाता जाता एक वाक्य आहे: ‘मुलगा हल्ली कपाटाकडे फिरकत नाही, पण पुढे त्याला कळेल.’

उत्तर:

तुम्ही ‘पंधरा वर्षं’ म्हणता. मुलगा अकरा वर्षांचा आहे. कॉलेजची पहिली फी सात वर्षांनी भरायची आहे. बाकीचा हिशेब याच आकड्यावर उभा राहतो, म्हणून तो आधी सांगितला. सात वर्षांनंतरच्या ऑगस्टमध्ये पैसे लागणार म्हणजे लागणार, आणि त्या ऑगस्टमध्ये कार्डांचा बाजार तेजीत असेल की झोपलेला, हे तुमच्या हातात नाही. माइक ट्राउटचं 2011 चं, टॉप्स कंपनीच्या ‘अपडेट’ संचातलं रूकी (पदार्पणाच्या काळातलं) कार्ड बघा. ट्राउट तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू, ठरलेला. लॉकडाऊनच्या काळात या कार्डाचा भाव आकाशाला भिडला, 2021 च्या सुरुवातीला शिखरावर होता, आणि पुढच्या दोनेक वर्षांत निम्म्याच्याही खाली आला. खेळाडू तोच, कार्डही तेच. फी भरायची वेळ चुकीच्या वर्षी आली असती तर?

आता मँटल. ते कार्ड तुमच्या सगळ्या विचाराच्या मुळाशी आहे, त्यामुळे त्याची कुळकथा नीट बघू.

1952 चा टॉप्सचा संच टप्प्याटप्प्याने बाजारात आला. मँटलचं कार्ड, क्रमांक 311, शेवटच्या टप्प्यातलं. तो टप्पा येईपर्यंत हंगाम सरत आला होता, दुकानदारांनी माल उचललाच नाही. खोकीच्या खोकी ब्रुकलिनच्या गोदामात पडून राहिली. 1960 मध्ये टॉप्सच्या साय बर्गर यांनी ती कचऱ्याच्या बार्जवर लादून समुद्रात बुडवली. ही हकीकत नंतर त्यांनीच सांगितली आहे, आणि तो समुद्र म्हणजे तुमच्याच न्यू जर्सीचा किनारा. जी पोरांच्या हाती गेली होती ती सायकलच्या चाकांत अडकवली गेली, खिशात चुरगळली, घर बदलताना आयांनी फेकून दिली. उरली ती फार थोडी, आणि कोरी करकरीत उरली ती बोटांवर मोजण्याइतकी. ती दुर्मीळ झाली, कारण ती जपायची असतात असं कुणालाही वाटलं नव्हतं.

तुमच्या कपाटात याच्या नेमकं उलट चाललंय. पाकिटातून निघालेलं कार्ड तुम्ही दोन सेकंदांत पातळ प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये घालता, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात, मग ग्रेडिंगला पाठवता. तुमच्यासारखे लाखो लोक हेच करताहेत. 2052 मध्ये 2022 ची कार्डं शोधणाऱ्याला ती सापडायला काहीच अडचण येणार नाही, सगळी कडक डबीत नीट बसलेली असतील.

त्या 1 कोटी 26 लाखांच्या कार्डाच्या कथेत आणखी एक गोष्ट आहे. ते विकणाऱ्या संग्राहकाने ते 1991 मध्ये पन्नास हजार डॉलरला घेतलं होतं. म्हणजे त्याने पाकीट फोडून नशीब काढलं नाही. त्याने घेतलं तेव्हा कार्डाला एकोणचाळीस वर्षं झाली होती, मँटलची कारकीर्द संपून दोन दशकं लोटली होती, हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्याचं नाव 1974 मध्येच लागलं होतं. खेळाडू मोठा होईल का, हा प्रश्नच उरला नव्हता. आणि त्याच 1991 मध्ये अमेरिकेतली हजारो घरं काय करत होती? टॉप्स, डॉनरस, फ्लीअर, स्कोअर, अपर डेक यांचे नवे कोरे बॉक्स घेऊन ते न फोडता तळघरात रचून ठेवत होती. ‘मुलांच्या कॉलेजसाठी’ हे शब्दही हेच होते.

तुमच्या ऑफिसात पन्नाशीचा कुणी बेसबॉलवेडा अमेरिकन सहकारी असेल तर त्याला या ‘जंक वॅक्स’ काळाबद्दल विचारा. डोळे फिरवून हसेल. त्या वर्षांत कंपन्यांनी इतकं छापलं की आजही ते बॉक्स न फोडलेले मिळतात, आणि बरेचसे तर महागाई धरली तर मूळ किमतीलाही नाही. 1994 च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला, हंगामाची अंतिम लढत असलेली वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि उरलीसुरली हवाही गेली. त्या काळातलं सगळ्यांत गाजलेलं कार्ड म्हणजे 1989 च्या अपर डेकचं क्रमांक एकचं, केन ग्रिफी ज्युनियरचं. ग्रिफीने 630 होम रन मारले, 2016 मध्ये 99.3 टक्के मतांनी हॉल ऑफ फेममध्ये गेला. निवड शंभर टक्के अचूक ठरली. तरी ते कार्ड ग्रेड न केलेलं आजही शंभर डॉलरच्या आसपास मिळतं. खेळाडू बरोबर ओळखला तरी कार्ड वर जातंच असं नाही, कारण कार्डाचा भाव खेळाडूच्या मोठेपणाइतकाच त्या कार्डाच्या प्रतींवर ठरतो.

यावर तुमचं उत्तर मला ऐकू येतंय: आता तसं नाही, आता कार्डांवर किती प्रतींपैकी कितवी, असे क्रमांक असतात. खरंय, असतात. बोमन क्रोमच्या सहीच्या कार्डांची उतरंड साधारण अशी: 499 प्रती, मग 250, 150, 99, सोनेरी 50, केशरी 25, लाल 5, आणि शेवटी एकमेव ‘सुपरफ्रॅक्टर’. ऐकायला भरभक्कम वाटतं. पण ही उतरंड एका संचातली झाली. त्याच खेळाडूची कार्डं त्याच वर्षी टॉप्स क्रोममध्ये, अपडेटमध्ये, हेरिटेजमध्ये, फाइनेस्टमध्ये आणि आणखी बऱ्याच संचांत निघतात, प्रत्येकाची उतरंड वेगळी, प्रत्येकात एकेक ‘एकमेव’. छपाईच्या चार रंगांच्या चार पत्र्यांचीही कार्डं करतात, आणि त्या प्रत्येकावर ‘एकातलं एक’ असा शिक्का असतो. शिवाय क्रमांक नसलेली साधी कार्डं किती छापली, हे कंपनी सांगत नाही. टॉप्स 2022 च्या जानेवारीपासून फॅनॅटिक्सच्या मालकीची आहे. छापतात तेच, थेट प्रक्षेपणात बॉक्स फोडून दाखवण्याचा धंदाही त्यांचाच, आणि जुनी कार्डं विकायचा बाजारही ते चालवतात. यात काळंबेरं काही नाही. पण ज्याचा धंदाच दर वर्षी नवं विकण्याचा आहे, त्याने ठरवलेल्या टंचाईवर तुम्ही मुलाची फी लावताय, एवढं ध्यानात असू द्या.

होतकरू खेळाडूंच्या कार्डांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमचे सगळ्यांत जास्त पैसे तिथे अडकलेत.

2009 च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिला क्रमांक होता स्टीफन स्ट्रासबर्ग, वॉशिंग्टनचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. पिढीतून एखादा असा निघतो, असं सगळे म्हणत होते. त्याचं 2010 चं बोमन क्रोमचं सुपरफ्रॅक्टर त्याने मुख्य लीगमध्ये एकही चेंडू टाकण्याआधी सोळा हजार डॉलरच्या वर गेलं. जूनमध्ये पदार्पणाच्या सामन्यात त्याने 14 जणांना स्ट्राइकआउट केलं. ऑगस्टमध्ये कोपराचा लिगामेंट गेला. पुढे तो सावरला, 2019 मध्ये वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी झाला, 24 कोटी 50 लाख डॉलरचा करार मिळाला, आणि त्या करारात जेमतेम आठ सामने सुरू करून दुखापतींनी संपला. म्हणजे तो फसला असंही म्हणता येत नाही. त्याच ड्राफ्टमध्ये पंचविसाव्या क्रमांकावर होता माइक ट्राउट. चोवीस जण त्याच्या आधी निवडले गेले. ज्या एंजल्सने त्याला घेतलं त्यांचाच चोविसावा क्रमांकही होता, आणि तो त्यांनी दुसऱ्या खेळाडूवर खर्च केला! ट्राउटचं 2009 चं सुपरफ्रॅक्टर 2020 च्या ऑगस्टमध्ये 39 लाख 36 हजार डॉलरला गेलं. ज्यांचा पोटापाण्याचा धंदाच खेळाडू हेरण्याचा आहे, रडारगन घेऊन शाळा-शाळांच्या मैदानांवर उभं राहण्याचा आहे, त्यांनाही जे दिसलं नाही ते तुम्हाला आणि मला रात्री साडेअकराला ईबे स्क्रोल करताना दिसेल का?

तुमच्या डोमिंग्वेझकडे याच नजरेने बघा. 2019 मध्ये सोळाव्या वर्षी यँकीजने त्याला 51 लाख डॉलर देऊन करारबद्ध केलं. 2020 च्या बोमनमध्ये पहिलं कार्ड आलं, आणि त्याच वर्षी कोविडमुळे मायनर लीगचा, म्हणजे खालच्या पातळीवरच्या सामन्यांचा, हंगामच झाला नाही. त्याच्या कार्डांवर उड्या पडत होत्या तेव्हा त्याने व्यावसायिक सामना एकही खेळलेला नव्हता. मग 1 सप्टेंबर 2023 ला मुख्य लीगमध्ये पहिल्यांदा बॅट घेऊन उभा राहिला आणि व्हर्लँडरसारख्या नामी पिचरला होम रन. आठवडाभर सगळे वेडे झाले. लगेच कोपर, शस्त्रक्रिया, पुढचा बराच काळ बाहेर. पोरगा गुणी आहे, अजून खेळेलही. पण तुम्ही त्याची सही घेतलीत तेव्हा तो हॉल ऑफ फेममध्ये जाणार असं धरूनच किंमत लागली होती. आता त्याला फायद्यात नेण्यासाठी नुसतं चांगलं खेळून भागणार नाही. दुखापत सोडून इतरही धोके असतातच: पॅड्रेज संघाच्या फर्नांडो टाटिस ज्युनियरकडे 34 कोटी डॉलरचा करार होता, पोरांत वेड होतं, आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये बंदी असलेल्या औषधासाठी 80 सामन्यांची बंदी आली.

तुम्ही ‘सोनं होईल’ म्हणालात, तर सोन्याचाच हिशेब लावू. दागिना मोडायला गेलं की घडणावळ बुडते आणि सोनार घट धरतो, हे आपल्याकडे आजीलाही ठाऊक असतं. कार्डांतली घट बरीच मोठी आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही. ईबे साधारण 13 टक्के कापून घेतं. कार्डांच्या प्रदर्शनात टेबलवाल्या व्यापाऱ्याला विकलं तर तो चालू भावाच्या सत्तर-ऐंशी टक्के देतो, कधी त्याहून कमी. ग्रेडिंगला एका कार्डामागे वीस-पंचवीस डॉलर आणि टपालखर्च, आणि नव्या कार्डाला दहाऐवजी नऊ आले तर बहुतेक वेळा तो खर्चही वसूल होत नाही. वर्षभराहून जास्त ठेवलेल्या संग्राह्य वस्तूवरच्या नफ्याला अमेरिकेत 28 टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, शेअर्सना कमाल 20. आणि 529 मधला पैसा शिक्षणाला वापरला तर वाढीवर केंद्राचा कर शून्य.

आकडे घालून बघू. वर्षाला सात टक्के धरले (शेअर बाजाराची हमी नसते, पण आडाखा म्हणून), तर हजार डॉलरचे सात वर्षांत सुमारे सोळाशे होतात. कार्डातून हातात सोळाशे यायला ते साडेअठराशेला विकलं जायला हवं, तेही कर धरण्याआधी. आणि एकच कार्ड नव्हे, चुकलेली, पडलेली, विसरलेली सगळी धरून पूर्ण कपाटाची सरासरी तेवढी यायला हवी. उलट ते दरमहा तीनशे डॉलर आजपासून पुन्हा सुरू केलेत तर त्याच दराने सात वर्षांत बत्तीस हजारांच्या आसपास जमतात, आणि त्यासाठी कुणाच्या कोपराकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

मग सगळं विकून मोकळं व्हायचं? मला तसं वाटत नाही. कार्डं जमवणं हा छान छंद आहे, आणि तुमच्या पत्रातली सगळ्यांत जिवंत वाक्यं 2020 च्या त्या पहिल्या पाकिटांबद्दलची आहेत. घोळ इतकाच झालाय की छंद, धंदा आणि गुंतवणूक एकाच कपाटात कोंबली आहेत. त्यांची फोड करा.

होतकरूंच्या सह्या विका. एकदम नव्हे, पण पुढच्या एका हंगामात. भाव साधारणपणे मार्चपासून, हंगाम तोंडावर आला की हलतात, आणि खेळाडूला एखादा सोन्यासारखा आठवडा लागला की चार-पाच दिवस खरेदीदार घाई करतात. तेवढ्यात विकायचं. ‘आणखी थोडं थांबतो’ म्हणणाऱ्याच्या हाती त्यानंतरची दुखापत लागते. तोट्यातली कार्डंही विका. मूळ किंमत वसूल होण्याची वाट बघत बसलात तर ती कपाटातच म्हातारी होतील. भाव बघताना विकणाऱ्याने मागितलेला आकडा बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांची यादी बघा, आणि त्यातही शेवटचे पाच-सहा व्यवहार. सर्वांत वरचा व्यवहार डोक्यात घट्ट बसतो, आणि तोच बहुतेक वेळा अपवाद असतो.

ग्रेड केलेली चाळीस कार्डं एकेक करून टेबलावर काढा. पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या स्लॅबवरचा (बंद डबीवरचा) क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाका. स्लॅब अस्सल आहे की नाही ते कळेल (खोटे स्लॅब बाजारात आहेत) आणि त्या कार्डाच्या आजवर किती प्रतींना दहा मिळाले तेही दिसेल. तो आकडा वाढत जातो, कमी होणं जवळपास नाहीच. ज्या कार्डाच्या हजारो ‘दहा’ आहेत ते दुर्मीळ नाही, डबी कितीही देखणी असली तरी. त्यातली दहाबारा ठेवा. कसोटी एकच: उद्या याचा भाव शून्य झाला तरी हे माझ्याकडे असावंसं वाटेल का? ओहतानीचं 2018 चं रूकी कार्ड असेल तर मी तरी ठेवीन.

‘मग नवी सोडून जुन्याकडे वळू का’, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. विली मेज, हँक एरन, रॉबर्टो क्लेमेंटे यांची पन्नास-साठच्या दशकांतली कोपरे घासलेली कार्डं आवाक्यात मिळतात. त्यांच्या प्रती आता वाढणार नाहीत, कारकीर्द पूर्ण आहे, अंदाज बांधायचं काही उरलेलं नाही. छंद म्हणून मला ती नव्यांपेक्षा कितीतरी आवडतात. पण त्यांना खेळताना बघितलेली पिढी हळूहळू जातेय आणि पुढच्या पिढीला त्यांचं तेवढंच अप्रूप वाटेल का, हे सांगता येत नाही. तेव्हा कॉलेजचे पैसे तिथेही नकोत.

आता बंद बॉक्स. ते जसेच्या तसे ठेवले की सुरक्षित, अशी तुमची समजूत दिसते. तसं नाही. बऱ्याच बॉक्समध्ये सहीच्या कार्डाऐवजी ‘रिडेम्प्शन’ची चिठ्ठी निघते: खेळाडूने अजून सही करून दिलेली नसते, म्हणून कंपनी म्हणते हा कोड नोंदवा, कार्ड नंतर पाठवू. त्या चिठ्ठीवर मुदत छापलेली असते. मुदत उलटली की ती चिठ्ठी नुसती चिठ्ठी. म्हणजे आत जे सगळ्यांत मोलाचं असू शकतं तेच पंधरा वर्षांनी बाद झालेलं असेल. क्रोमचं एखादं मोकळं कार्ड दिव्याखाली आडवं धरून बघा. मधे हाताने चाचपता येणार नाही अशी बारीक उभी रेघ दिसते का? ती छपाईच्या रोलरची आहे, तुमच्या हातून झालेली नाही, पण दहापैकी दहा मिळण्याची आशा तिथेच गेली. आणि टेबलावर ठेवल्यावर दोन्ही कडा वर उचलून कार्डाची कमान होते का? पुढचा थर आणि मागचा कागद दमट हवेत सारखे ताणले जात नाहीत. हेच बंद पाकिटातही होतं, तुम्हाला दिसत नाही एवढंच. बॉक्स तळघरात असतील तर आजच वर आणा.

शिवाय बॉक्सची किंमत आणि आतल्या मालाची सरासरी किंमत यांत कायम फरक असतो, आणि तो तुमच्या विरुद्ध असतो. नाहीतर दुकानदारांनीच सगळे फोडले नसते का? म्हणून चौदांपैकी जे आज खरेदीपेक्षा चढ्या भावाने जाताहेत ते न फोडताच विका, आणि पैसे थेट 529 मध्ये टाका. ज्यांचा भाव पडलाय ते फोडायला ठेवा.

कुणाबरोबर फोडायचे, तर त्या वाक्याकडे येते जे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मुलगा कपाटाकडे फिरकत नाही. का फिरकेल? त्याला पाकिटं फोडायची होती, नऊ कप्प्यांच्या बाइंडरमध्ये आपल्या आवडीचे खेळाडू लावायचे होते, शाळेत अदलाबदल करायची होती. तुम्ही त्याच्या खेळाला कुलूप घातलंत आणि किल्लीवर त्याचं नाव लिहिलंत. 2024 च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका अकरा वर्षांच्या मुलाला, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाच्या, नाताळच्या भेटीतल्या टॉप्स क्रोम अपडेटमध्ये पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्स याचं पदार्पणाच्या जर्सीवरचा तुकडा लावलेलं एकमेव सहीचं कार्ड सापडलं. पायरेट्स क्लबने त्याच्या बदल्यात तीस वर्षांची हंगामी तिकिटं देऊ केली. घरच्यांनी नम्रपणे नाही म्हटलं, आणि मार्चमध्ये ते लिलावात 11 लाख 10 हजार डॉलरला विकलं. असं नशीब तुमचं उघडेल अशी आशा मी अजिबात दाखवत नाही. ती शक्यता लॉटरीच्या तिकिटासारखी आहे. पण त्या मंडळींनी काय केलं ते बघा. पाकीट फोडलं, आणि तीन महिन्यांत विकून टाकलं. पंधरा वर्षं कुणीच थांबलं नाही.

मुलाला महिन्याला वीस डॉलर द्या आणि काय घ्यायचं ते त्याला ठरवू द्या. पन्नास सेंटचं कुणा राखीव खेळाडूचं कार्ड त्याने आणलं तर ‘याला रीसेल नाही’ म्हणू नका. एखादं विकावंसं वाटलं तर ईबेचे 13 टक्के कापलेला हिशेब त्यालाच मांडायला सांगा. तुमच्या छंदाचंही एक बजेट ठेवा, महिन्याला पन्नास किंवा शंभर, घरखर्चाच्या तक्त्यात उघड दिसेल असं.

बायकोला पटवण्याबद्दल. तिचं ‘रद्दी’ हे म्हणणं काही अंशी चूक आहे, आणि तेवढ्यावर तुम्ही वाद जिंकूही शकाल. जिंकू नका. तिचा राग कागदावर नाही, तिला न सांगता मुलाच्या खात्यात जाणारे पैसे वळवले यावर आहे. बोलणं तिथून सुरू करा, मँटलपासून नव्हे. आधी 529 चा हप्ता पुन्हा चालू करा, मग बोला. बरोबर एक तक्ता घेऊन बसा: कार्ड, कधी घेतलं, कितीला, आज विकल्यास हातात किती, ठेवायचं की विकायचं. करासाठी पावत्या तशाही लागतीलच. फोटो काढून ठेवा, आणि घराच्या विम्यात संग्राह्य वस्तूंना किती मर्यादा आहे ते विचारा, ती बहुतेकदा फार कमी असते. या तक्त्याचा आणखी एक उपयोग तुम्ही धरलेला नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर त्या कपाटातलं आठशे डॉलरचं कार्ड कुठलं आणि ऐंशी सेंटचं कुठलं, हे तिला कसं कळणार? दाराशी येणारा पहिला व्यापारी सांगेल तो भाव.

तुमच्यासारखंच पत्र पुण्याहूनही आलं आहे: भारतात बसून ही कार्डं मागवून ठेवावीत का? नका मागवू. येताना टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी, विकताना गिऱ्हाईक पुन्हा अमेरिकेतच, म्हणजे परत पाठवण्याचा खर्च आणि वाटेत कोपरा दुमडण्याची धास्ती. इथे ती विकत घेणारं कुणी शेजारपाजारी नाही. बेसबॉल आवडत असेल तर पाच-सात डॉलरचं एखादं आवडत्या खेळाडूचं कार्ड, अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून, टॉपलोडरमध्ये घालून मागवा.